१२ मीटर गाळ्याच्या जुन्या टी-बीम पुलावर प्रत्यक्ष ट्रकभार कसा मोजावा?

नदीकाठ_अभियंता

दोन लेनचा जुना आरसीसी पूल आहे. १२ मीटरचे साधे आधारित गाळे, प्रत्येक गाळ्यात ४ टी-बीम गर्डर, वर साधारण २०० मिमीचा डेक स्लॅब. मूळ डिझाइन क्लास ए (इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसीने ठरवलेला कागदी वाहनभार) च्या दोन लेनचं. रस्त्यावर आता सहा ॲक्सलचे ट्रेलर, वाळू-खडीचे हायवा आणि गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, अशी सगळी वाहतूक आहे. पुलाची भारक्षमता आयआरसी:एसपी:३७ या मार्गदर्शिकेप्रमाणे तपासायची आहे, पण कागदावरच्या लोडिंगसोबत खरा भारही मोजून दाखवावा अशी मागणी आहे.

प्रश्न असे:
१) २० किमीवरच्या टोलनाक्यावरचे वजनाचे आकडे मिळू शकतात. तेवढे पुरतील का?
२) रस्त्यात पट्टी-सेन्सर बसवावेत की पुलाच्या खालून स्ट्रेन (भाराने लांबीत होणारा सूक्ष्म बदल) मोजावा?
३) स्ट्रेन मोजायचा तर किती चॅनेल, कुठे, कॅलिब्रेशन कसं, आणि किती दिवस मोजायचं?

रस्ता बंद ठेवायची परवानगी मिळणार नाही. एका बाजूची लेन रात्री तासभर मिळाली तर मिळाली.

---

भारमापक

टोलच्या आकड्यांपासून सुरुवात करू, कारण बहुतेक अहवाल तिथेच फसतात.

टोललेनमधलं यंत्र हळू जाणाऱ्या गाडीचं वजन घेतं आणि त्याचा उद्देश वसुली हा असतो. त्या नोंदीत एकूण वजन मिळतं, कधी ॲक्सलवार वजन मिळतं, पण दोन ॲक्सलमधलं अंतर बऱ्याचदा नसतंच. पुलाला अंतराशिवाय वजनाचा उपयोग नाही. २७ टन तीन ॲक्सलवर १.३६ मीटरच्या अंतराने आले तर १२ मीटरच्या गाळ्यात येणारा मोमेंट (गर्डरला वाकवणारा परिणाम) वेगळा, तेच २७ टन ६ मीटरमध्ये पसरले तर वेगळा. दुसरं म्हणजे गाड्या एकामागून एक किंवा समोरासमोर किती अंतराने येतात, हे टोलच्या नोंदीतून कळत नाही. तिसरं, भरलेला हायवा आणि उसाचा ट्रॅक्टर टोलच्या आधीच फाट्याने वळतो. तुमच्या पुलावरून नेमक्या त्याच गाड्या जात असतील तर टोलचा डेटा तुम्हाला पूल सुरक्षित असल्याचा खोटा दिलासा देईल. रोजची एकूण संख्या आणि वाहनांचे प्रकार ताडून बघायला तो वापरा, त्यापलीकडे नको.

आता पट्टी-सेन्सर. क्वार्ट्झची पट्टी चांगली असते, पण तिच्यावर चाक काही मिलिसेकंदच राहतं. ट्रकची बॉडी १.५ ते ४ हर्ट्झने वरखाली होत असते, म्हणजे त्या क्षणी चाक रस्त्याला दाबत होतं की उचललं जात होतं यावर आकडा ठरतो. म्हणून दोन-तीन ओळी लावाव्या लागतात, आणि आधीचा रस्ता गुळगुळीत लागतो. तुमच्या जोडरस्त्यावर चाकोरी पडली असेल किंवा पॅचवर्क असेल तर तिथे पट्टी लावून पैसे वाया जातील. पॉलिमर पिझो पट्टी स्वस्त मिळते, पण डांबराचं तापमान बदललं की तिचं वाचन सरकतं. एप्रिलच्या दुपारी आणि पहाटे एकाच गाडीचं वजन वेगळं दाखवेल. शिवाय हे सगळं बसवायला रस्ता कापावा लागतो, आणि तुम्हाला बंद मिळत नाही.

तुमच्या अटींत पूल हाच काटा करणं योग्य. फ्रेड मोझेस यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली, आज तिला ब्रिज वे-इन-मोशन किंवा बी-विम म्हणतात. १२ मीटरच्या गाळ्यावरून ६ मीटर लांबीचा ट्रक ६० किमी/तास वेगाने गेला तर पहिला ॲक्सल आत शिरल्यापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत १.१ सेकंद जातात. तेवढ्या वेळात बॉडीची दोन-चार हेलकाव्यांची आवर्तनं होऊन जातात आणि त्यांची सरासरी आपोआप निघते. रस्त्याला हात लावायचा नाही, ड्रायव्हरला काही दिसत नाही, त्यामुळे कुणी वळसाही घेत नाही.

---

सेतू_तपासनीस

वरच्याशी सहमत. चॅनेलचं सांगतो.

चारही गर्डरच्या तळाला, गाळ्याच्या मध्यावर, एकेक स्ट्रेन ट्रान्सड्यूसर: ४ चॅनेल. त्यातल्या दोन मधल्या गर्डरवर शेजारी एकेक जादा ठेवा, कारण चार आठवड्यांत एखादा सुटतोच: २ चॅनेल. ॲक्सल ओळखायला डेक स्लॅबच्या तळाला, गर्डरांच्या मधल्या पट्ट्यात, प्रत्येक लेनच्या चाकाच्या रेषेखाली दोन, एकमेकांपासून ४ मीटरवर: दोन लेनचे ४ चॅनेल. तापमानाचे २. झाले १२, म्हणजे १६ चॅनेलचा लॉगर घ्या.

२०० मिमीचा स्लॅब तुमच्या बाजूने आहे. स्लॅब पातळ असला की प्रत्येक चाक वरून जाताना खाली वेगळं टोक दिसतं. सहा ॲक्सलचा ट्रेलर गेला की आलेखात आधी एक सुटं टोक, मग जवळजवळ दोन, मग मोकळी जागा आणि शेवटी तीन टोकं एकमेकांना चिकटलेली दिसतात. जाड सॉलिड स्लॅब असता तर ती तीन मिळून एकच टेकडी झाली असती आणि ॲक्सल मोजायला वेगळा मार्ग शोधावा लागला असता.

सॅम्पलिंग निदान ५१२ हर्ट्झ. कारण सरळ आहे. ४ मीटर अंतर ०.२४० सेकंदात कापलं तर वेग १६.६७ मी./से. ५१२ हर्ट्झला एका नमुन्याचा वेळ जवळपास २ मिलिसेकंद, म्हणजे वेगात चूक एक टक्क्याच्या आत. १०० हर्ट्झला हीच चूक ४ टक्क्यांवर जाते, आणि वेगातली चूक जशीच्या तशी वजनात उतरते. १.३५ मीटरच्या जोड-ॲक्सलला त्या वेगात ०.०८१ सेकंद लागतात. १०० हर्ट्झला फक्त ८ नमुने मिळतील, त्यात दोन टोकं नीट सुटी होत नाहीत.

किती स्ट्रेन अपेक्षित ते आधी काढून ठेवा. तुमच्यासारख्या गर्डरला २८ टनी तीन-ॲक्सल गाडीखाली सर्वांत भारी गर्डरला साधारण ५० ते ८० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखाव्या भागाएवढा बदल म्हणजे एक) येईल. मोटारगाडीला दोन-तीनच. म्हणजे सिग्नलमधला गोंगाट १ मायक्रोस्ट्रेनच्या आत हवा. तो जास्त दिसला तर आधी केबलचं शील्ड आणि अर्थिंग बघा. पुलाच्या कठड्यालगत वीजवाहिनी असेल तर ५० हर्ट्झचा सूर हमखास येतो. शील्ड एकाच टोकाला अर्थ करायचं, दोन्हीकडे केलं की उलट वाढतो.

काँक्रीटवर छोटा फॉइल गेज नको. खडीच्या एका तुकड्यावर बसला तर त्या तुकड्याचं वाचन देतो, भेगेवर बसला तर भेगेचं. ६० ते ९० मिमीचा गेज किंवा मग एक्स्टेन्शन बार लावून ३०० मिमीपर्यंत लांबी मिळेल असा ट्रान्सड्यूसर घ्या. जुन्या टी-बीमला तळाला केसासारख्या भेगा असणारच. त्या असल्या तरी चालतं, लांबीवर सरासरी मिळाली आणि भार दुप्पट झाल्यावर वाचनही दुप्पट झालं की पुरे.

बसवताना: कव्हर मीटरने सळया शोधून मगच छिद्र मारा. पृष्ठभाग घासून सिमेंटची साय काढा, कोरडं करा, मग इपॉक्सी. ओलसर काँक्रीटवर इपॉक्सी दोन दिवसांत सुटते, म्हणून पावसाळ्यात अँकर बोल्टचेच टॅब वापरा. आणि परांची बांधण्याआधी दुर्बिणीने गाळ्याखाली आग्या मोहोळ नाही ना ते बघा. हे गमतीने लिहीत नाही, पुलाखालच्या कामात हा खरा धोका आहे आणि ड्रिलच्या आवाजाने मोहोळ उठतं.

---

नदीकाठ_अभियंता

खूप आभार. दोन शंका. उसाचा ट्रॅक्टर १५ ते २० किमी/तासाने जातो, कधी पुलावरच थांबतो. त्याचं कसं मोजायचं? आणि कॅलिब्रेशनला एकच भरलेला हायवा मिळणार आहे, तो चालेल का?

---

स्ट्रेनगेज_३५०

एक हायवा असला तरी काम सुरू करता येतं, फक्त तेवढ्यावर थांबू नका. ट्रेलरचा तीन-ॲक्सल गट आणि हायवाचा जोड-ॲक्सल यांची सस्पेन्शन वेगळी असतात. एकाच गाडीवर बसवलेला गुणक दुसऱ्या प्रकाराला ५–७ टक्क्यांनी चुकू शकतो. एका दिवसासाठी भाड्याने सहा ॲक्सलचा ट्रेलर मिळवा. साखर कारखान्याच्या काट्यावरून सुटणारी गाडी असेल तर वजनाची पावती आयतीच मिळते.

गाडीचं वजन आधी पूर्ण आणि मग ॲक्सलवार घ्या. काट्यावर अर्धी गाडी चढवून वजाबाकी करताना काट्याच्या पुढची-मागची जमीन काट्याच्या पातळीतच हवी. ३०–४० मिमीचा उतार असला तरी जोड-ॲक्सलमध्ये भार एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. सुटे व्हील-पॅड वापरत असाल तर बाकीच्या सगळ्या चाकांखालीही तेवढ्याच जाडीच्या फळ्या द्या. ब्रेक सोडून, गिअर न्यूट्रलला ठेवून वाचन घ्या. ब्रेक दाबलेले असतील तर स्प्रिंगमध्ये अडकलेला भार तसाच राहतो. माल म्हणून ओली वाळू नको, दुपारपर्यंत पाणी गळून वजन बदलतं. खडी बरी. डिझेल टाकी सकाळी भरलेली असेल तर संध्याकाळी पुन्हा तोला.

प्रत्येक लेनमध्ये प्रत्येक गाडीच्या निदान दहा फेऱ्या, नेहमीच्या रहदारीच्या वेगाने, काही ४० ला, काही ६० ला. दोन-तीन फेऱ्या ५ किमी/तासाने, पूल मोकळा असताना. अर्ध्या फेऱ्या पहाटे, अर्ध्या दुपारी. या फेऱ्यांतून मोजलेली इन्फ्लुअन्स लाइन (भार गाळ्यावर कुठे आहे त्यानुसार मध्यावर किती परिणाम होतो ते दाखवणारी रेषा) काढायची. पुस्तकातली त्रिकोणी वापरू नका. जुनं बेअरिंग गंजून अडकलेलं असतं, जोडातून खडी भरलेली असते, आणि कागदावर साधा आधारित असलेला गाळा टोकाला थोडा धरलेला निघतो. तेव्हा प्रत्यक्ष रेषा त्रिकोणापेक्षा अरुंद आणि टोकांना किंचित उणेत गेलेली दिसते. ती न धरता गणित केलं तर मधल्या ॲक्सलना जास्त आणि पहिल्या-शेवटच्याला कमी वजन वाटून येतं.

एकूण वजनासाठी क्षेत्रफळाची रीत सगळ्यांत भक्कम आहे: चारही गर्डरच्या स्ट्रेनची बेरीज, तिचं वेळेवरचं क्षेत्रफळ, गुणिले वेग, गुणिले गुणक. उदाहरण घ्या. २८.० टनी गाडी १५ मी./से. ने गेली, क्षेत्रफळ १०४ मायक्रोस्ट्रेन-सेकंद आलं. गुणाकार १५६०, म्हणून गुणक ०.०१७९५. आता अनोळखी ट्रेलर १३.९ मी./से. ने गेला आणि क्षेत्रफळ १९० आलं: गुणाकार २६४१, वजन ४७.४ टन. हाताने करता येतं, आणि सॉफ्टवेअरने दिलेला आकडा पडताळायला रोज दहा गाड्यांवर करून बघावं असं हे गणित आहे.

ॲक्सलवार वजन मात्र अवघड. १.३५ मीटरवरचे दोन ॲक्सल १२ मीटरच्या इन्फ्लुअन्स लाइनवर जवळपास सारखाच परिणाम करतात, त्यामुळे समीकरणं एकमेकांची नक्कल होतात. जराशा गोंगाटाने एका ॲक्सलला १६ टन आणि शेजारच्याला ५ असं उत्तर येतं, बेरीज मात्र बरोबर. म्हणून गटाचं वजन छापा, गटातल्या सुट्या ॲक्सलचं नको. कॉस्ट ३२३ (चालत्या गाडीच्या वजनमापनाचा युरोपीय निकष) च्या वर्गवारीतही बी(१०) वर्गात एकूण वजनाला १० टक्के, गटाला १३ टक्के, पण गटातल्या एका ॲक्सलला २० टक्के सूट आहे ती याचमुळे.

एक इशारा: आलेख देखणा दिसावा म्हणून २–३ हर्ट्झचा लो-पास फिल्टर मारायची सवय असते. गर्डरच्या चॅनेलवर वजन काढताना तो एक वेळ चालेल, स्लॅबच्या ॲक्सल चॅनेलवर कदापि नको, टोकंच पुसली जातात. आणि मूळ सिग्नल न गाळता साठवा. डिस्क स्वस्त आहे.

आता उसाचा ट्रॅक्टर. ४–५ मी./से. वेगाने ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या गाळ्यावरून जायला सहा-सात सेकंद घेतात, म्हणून नोंदीची खिडकी १५ सेकंदांची ठेवा, ट्रिगरच्या आधीचे २ सेकंद धरून. प्रत्येक नोंदीचा शून्य त्या आधीच्या २ सेकंदांवरून काढा. दिवसभरात तापमानाने स्ट्रेन दहापटीने सरकला तरी मग फरक पडत नाही. वेग स्थिर असेल तर हळू गाडीचं वजन उलट जास्त चांगलं येतं. थांबली किंवा पुलावर गिअर बदलला तर वजन विसरा, पण नोंद फेकू नका. त्या नोंदीतला कमाल स्ट्रेन पुलाने खरोखर सोसलेला आहे.

वर्गवारीचं सॉफ्टवेअर ट्रॅक्टर-ट्रॉलीला बहुधा ‘त्रुटी’ म्हणून बाजूला टाकतं, कारण तिचा ॲक्सलनमुना त्याच्या यादीत नसतो. तिच्यासाठी स्वतंत्र वर्ग आधीच बनवा. उचललेला लिफ्ट ॲक्सलही असाच फसवतो: चार ॲक्सलची गाडी तीनची दिसते. साधा कॅमेरा, वेळ लॉगरशी जुळवलेला, हवाच.

---

भारमापक

आता मुख्य मुद्दा. या सगळ्याची तुलना कशाशी करायची?

१२ मीटरच्या गाळ्यावर क्लास ए ची एक गाडी मध्यावर ठेवा. ११.४ टनांचे दोन ॲक्सल १.२ मीटरवर, मागे ४.३ मीटरवर ६.८ टन, पुढे २.७ चे दोन. मध्यावरचा मोमेंट सुमारे ७० टन-मीटर येतो, इम्पॅक्ट (चालत्या गाडीच्या धक्क्याने होणारी वाढ) सोडून. आता २०१८ च्या वाढीव मर्यादेतला ५५ टनांचा सहा-ॲक्सल ट्रेलर घ्या. त्याचा २७ टनांचा तीन-ॲक्सल गट १.३६ मीटर अंतराने मध्यावर आला की ६९ टन-मीटर. म्हणजे पूर्ण कायदेशीर ट्रेलर तुमच्या पुलाच्या एका लेनचं डिझाइन लोडिंग जवळजवळ गाठतो. त्याच गटावर ४० टन असतील तर १०२. ७०आर या आयआरसीच्या जास्त जड चाकी लोडिंगला तोच आकडा सुमारे १५० येतो, म्हणून नव्या पुलांना ही चिंता कमी.

त्यामुळे तुमच्या अहवालात ‘इतके टक्के गाड्या ओव्हरलोड’ हा तक्ता दुय्यम आहे. महत्त्वाचं आहे ते प्रत्येक नोंदीतल्या मोमेंटचं क्लास ए शी गुणोत्तर, आणि दोन भारी गाड्या एकाच वेळी गाळ्यावर आल्या तेव्हाचं वेगळं. प्रत्येक दिशेला दिवसाला १५०० ट्रक धरले आणि ५० किमी/तास वेग, तर एका गाळ्यावर दिवसाला ऐंशी-नव्वद वेळा ते समोरासमोर येतात. दोघांचे भारी गट नेमके मध्याजवळ एकाच वेळी येणं दहा-पंधरा वेळा. बी-विम सॉफ्टवेअर बहुतेक वेळा हीच नोंद ‘वजन काढता येत नाही’ म्हणून टाकतं. पुलाचा कमाल स्ट्रेन तिथेच असतो, तेव्हा ती फाइल सगळ्यांत आधी उघडा.

इम्पॅक्टही मोजून घ्या. आयआरसी:६ च्या ४.५/(६+एल) सूत्राने १२ मीटरला २५ टक्के. ५ किमी/तासाच्या फेरीत ६२ मायक्रोस्ट्रेन आणि ५५ च्या फेरीत ७० आले तर तुमच्या पुलावर त्या गाडीला १३ टक्के. जड गाडीला सहसा कमी येतो, रिकाम्या हायवाला जास्त. पण जोडरस्ता खचून एक्स्पान्शन जॉइंटवर उंचवटा झाला असेल तर पहिल्या गाळ्यात हा आकडा फुगतो. म्हणून पहिला गाळा आणि मधला गाळा यांपैकी कुठे मोजलं ते अहवालात लिहा. जमलं तर पहिल्याच गाळ्यात मोजा.

---

सेतू_तपासनीस

कालावधीबद्दल: चार आठवडे सलग पुरतात, पण कोणते चार हे महत्त्वाचं. गाळप हंगामातले दोन आणि हंगामाबाहेरचे, पाऊस संपून वाळू सुरू झाल्यावरचे दोन असे घेतले तर एका सलग महिन्यापेक्षा बरं चित्र मिळेल. युरोकोडचं मुख्य ट्रकलोडिंगसुद्धा फ्रान्समधल्या ऑक्झेर इथे १९८६ साली मोजलेल्या वाहतुकीवर बेतलेलं आहे, म्हणजे थोड्या दिवसांच्या चांगल्या मोजणीतून मोठं काम होतं.

पुढच्या वर्षांसाठी अंदाज काढताना सगळ्या गाड्यांच्या वजनाला एक वक्र बसवू नका. रोजचा कमाल मोमेंट घ्या, गुम्बेल कागदावर (कमाल मूल्यांच्या संभाव्यतेच्या आलेखपत्रावर) मांडा आणि वरच्या टोकाला रेषा बसवा. एकट्या गाडीच्या आणि जोडीच्या नोंदी वेगवेगळ्या मांडा, दोन्हींचे उतार वेगळे असतात आणि एकत्र केल्यास रेषा मध्येच वाकते.

वाचन सरकतंय का ते रोज तपासायला कायदेशीर आणि भरलेल्या सहा-ॲक्सल ट्रेलरचा पुढचा ॲक्सल वापरा. तो मालावर फारसा अवलंबून नसतो आणि सुटा असल्याने त्याचं वजन स्थिर येतं. अशा ३०–४० गाड्यांची सरासरी आठवड्यात ५ टक्क्यांहून जास्त हलली तर एखादा ट्रान्सड्यूसर सैल झाला आहे. त्याच दिवशी परांचीवर चढून बघा, महिना संपल्यावर दुरुस्त करता येत नाही.

आणि हे अहवालात स्पष्ट लिहा की ही मोजणी फक्त गर्डर आणि डेकबद्दल बोलते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात गेला. पायाजवळची धूप कुठल्याही स्ट्रेन गेजला दिसत नाही. पाण्याखालची तपासणी वेगळी करावीच लागेल.

---

नदीकाठ_अभियंता

समजलं. पहिला गाळा, १६ चॅनेल, ५१२ हर्ट्झ, हायवा आणि कारखान्याच्या काट्यावरून येणारा ट्रेलर, असं धरतो. एकच उरलं: तळाला गेज आहेतच, तर वेबच्या (गर्डरच्या उभ्या भागाच्या) वरच्या बाजूलाही लावावेत का?

---

स्ट्रेनगेज_३५०

दोन मधल्या गर्डरवर जरूर लावा, स्लॅबच्या तळापासून १०० मिमी खाली. उरलेल्या चार चॅनेलपैकी दोन तिथे जातील. वरचं आणि खालचं वाचन जोडून न्यूट्रल ॲक्सिस (जिथे स्ट्रेन शून्य असतो ती उंची) कुठे आहे ते प्रत्येक गाडीमागे मिळतं. २८ टनाखाली आणि ५० टनाखाली तो एकाच उंचीवर राहिला तर गर्डर आणि स्लॅब एकत्र काम करत आहेत. जड गाडीखाली तो सरकत असेल तर त्या गर्डरच्या तळाच्या भेगा पुन्हा मोजा, आणि एसपी:३७ च्या गणितात पूर्ण सेक्शन धरू नका.